पन्नाशीनंतर लांब पल्ल्याच्या स्लेज-कुत्र्यांच्या शर्यतीची वाट धरता येते का?

आपण 53 वर्षांचे आहात, यवतमाळकडे शेती करता आणि अलास्कातील इडिटारॉड या स्लेज (बर्फावरून घसरणारी बिनचाकी गाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीविषयी वाचल्यापासून ही विद्या या वयात शिकता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते निश्चितच येईल. मी आर्वी तालुक्यातील शेतकरी. मुलगी नॉर्वेत ट्रोम्सोला नोकरीस असल्यामुळे 57 व्या वर्षी मी तिकडच्या एका श्वानपालकाकडे मदतनीस म्हणून पहिला हिवाळा काढला आणि त्यानंतर आणखी दोन. शर्यतीत मी अद्याप उतरलेलो नाही, म्हणून शिकण्याविषयीचे माझे सांगणे अनुभवाचे आणि शर्यतीविषयीचे वाचनाचे आहे, असे समजावे.

इडिटारॉडला वयाची वरची मर्यादा नाही. नॉर्मन वॉन यांनी 1990 मध्ये 84 व्या वर्षी ती पूर्ण केली, शर्यतीचे जनक जो रेडिंग्टन 1997 मध्ये 80 व्या वर्षी नोमला, म्हणजे शर्यत संपते त्या गावी, पोहोचले, तर 2017 मध्ये मिच सीव्ही 57 व्या वर्षी चक्क पहिले आले. सुमारे 1,600 किलोमीटरच्या या वाटेवर ओढण्याचे काम कुत्र्यांचे असते. माणसाने फारसे न झोपता त्यांना खाऊ घालायचे, बर्फ वितळवून पाणी करायचे, पंजे तपासायचे आणि कोठे थांबायचे ते ठरवायचे. एक सलग 24 तासांची आणि दोन आठ-आठ तासांची विश्रांती नियमानेच सक्तीची आहे. उरलेल्या वाटेवर मात्र कुत्र्यांना केव्हा विसावा द्यायचा, हे आपल्यालाच ओळखावे लागते, आणि ज्याने आयुष्यभर जनावरे सांभाळली त्याची नजर येथे फार उपयोगी पडते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतो, तेव्हा कोठे सूज आहे हे बोटांना आपोआप कळते. पट्टा काढल्यावर कुत्र्याच्या खांद्यावरून आणि मनगटावरून मी तसाच हात फिरवीत असे, आणि तिकडे मला परके वाटेनासे झाले ते या कामामुळे. फरक आहे तो कासऱ्याचा. बैलाला वेसण असते, हातात कासरा असतो. स्लेजच्या कुत्र्यांना लगाम नसतोच. ‘जी’ म्हटले की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे, आणि तेही पुढच्या कुत्र्याने आपले ऐकले तरच. हा विश्वास जुळायला मला संपूर्ण एक हिवाळा लागला.

स्लेजची दांडी कधीही सोडू नये, हा पहिला धडा. दुसऱ्या महिन्यात एका वळणावर मी पडलो आणि हात सुटला; कुत्री रिकामी स्लेज घेऊन निघून गेली आणि पुढे दोरी झुडपात अडकली म्हणूनच सापडली. एका मादीचा पंजा फाटला होता. ती चूक सर्वस्वी माझी होती, आणि तिचा पाय बरा होईपर्यंतचे दिवस मला फार जड गेले.

आपल्याला एक कळकळीची विनंती आहे. या हौसेपायी हस्की जातीचे पिल्लू विदर्भात आणू नका. उणे वीस अंशांत सुखाने धावणाऱ्या, केसांचा दुहेरी थर असलेल्या जनावराला आपला 45 अंशांचा मे महिना म्हणजे यातना आहे. शिकायचे तर बर्फाच्या देशातच जावे, आणि शक्यतो बर्फ पडण्यापूर्वी जावे, कारण शरद ऋतूत चाकांच्या गाडीला जुंपून कुत्र्यांना तयार करतात तेव्हा प्रत्येकाचा स्वभाव जवळून कळतो. इडिटारॉडसारख्या शर्यतीआधी नवख्याला मान्यताप्राप्त शर्यती पूर्ण कराव्या लागतात, त्यामुळे काही वर्षांची तयारी गृहीत धरावी.

तोवर घरी चालण्याची सवय वाढवावी, गुडघे तपासून घ्यावेत आणि बोटांना काम द्यावे. तिकडे कडाक्याच्या थंडीत हातमोजे काढून प्रत्येक पंजाला कापडी मोजा चढवावा लागतो, आणि 14 कुत्री जुंपली असतील तर ते मोजे 56 होतात.