एमबीतला 'बी' नक्की कोणता?

प्रश्न असा आहे: "जोडणी १०० एमबीपीएसची (मेगाबिट प्रति सेकंदाची) आहे, पण फाइल उतरवताना वेग १२ एमबीच्या आसपास दिसतो. मग 'शंभर एमबीचं नेट' म्हणणं बरोबर का? आणि बॉड म्हणजे बिट प्रति सेकंदच ना?"

दोन्हींचं उत्तर 'नाही'.

'शंभर एमबीचं नेट' ऐकून ऐकून कान किटले. वेग सांगताय आणि 'प्रति सेकंद' गिळताय? एकवेळ तेही चालवून घेऊ, पण बिट की बाइट हेही सांगायचं नाही म्हणजे कमाल झाली. बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक. माहितीच्या वाहतुकीचा वेग बिटांत आणि साठा बाइटांत मोजायचा, असा रिवाज आहे. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० मेगाबिटांना ८ ने भागा: साडेबारा मेगाबाइट प्रति सेकंद. त्यातही इथरनेटवर, म्हणजे तारेने जोडलेल्या नेहमीच्या जाळ्यावर, १५३८ बाइटांच्या एका खेपेत तुमचा माल साधारण १४६० बाइटांचाच असतो, बाकी पत्ते आणि वेष्टणं. म्हणजे पदरात पडतात सुमारे ११.८७. तुमच्या जोडणीत काही खोट नाही, खोट बोलण्यात आहे.

रोमन लिपीत लहान 'बी' म्हणजे बिट आणि मोठा 'बी' म्हणजे बाइट, एवढ्यावर भागतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे 'एमबी' लिहिलं की आठपटीचा फरक गडप. तेव्हा मराठीत मेगाबिट, मेगाबाइट असं पूर्ण लिहावं. 'मेबि' आणि 'मेबा' असे संक्षेप करू नयेत, कारण 'मेबि' हा उपसर्ग आधीच दुसऱ्याच कामाला जुंपलेला आहे. ते पुढे येईलच.

'बाइट' हे 'बाय एट'चं रूप, ही व्युत्पत्ती मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते. साफ चूक. १९५६ मध्ये आयबीएमच्या स्ट्रेच संगणकावर काम करताना वर्नर बुखोल्झ यांनी हा शब्द काढला, तेव्हा बाइट आठाचा ठरलेलाच नव्हता. तो १ ते ६ बिटांचा असे. आठाचं बस्तान बसलं ते आयबीएमच्याच १९६४ च्या सिस्टिम/३६० या संगणकांपासून. मूळ शब्द इंग्रजीतला 'घास' या अर्थाचाच. फक्त त्या स्पेलिंगमधला शेवटचा 'ई' चुकून गळला तर बाइटचा बिट होईल, म्हणून 'आय'च्या जागी 'वाय' घातला. म्हणजे वार्ताहर पुढाऱ्याचा जो 'बाईट' घेतात, तो आणि हा सख्खे भाऊ! 'बिट' हा बायनरी डिजिटचा संक्षेप, संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांचा, १९४७ चा; पुढच्याच वर्षी माहिती-सिद्धान्ताचे जनक क्लॉड शॅनन यांनी त्यांना श्रेय देऊन तो छापला. पण 'तुकडा' या अर्थाचा इंग्रजी बिट आधीपासून होताच. तो चावण्याच्या धातूचा, आणि त्या धातूचं संस्कृतातलं भावंड म्हणजे 'भिद्', फोडणे. बिट आणि बाइट यांतला भेद म्हणतो, त्या 'भेद'चंही मूळ हेच.

आता 'किलो'. 'संगणकात किलो म्हणजे १०२४' असं ठासून सांगणारे अजून भेटतात. वेगाच्या बाबतीत तर ते कधीच खरं नव्हतं. तिथे किलोबिट म्हणजे १००० बिटच. १०२४ च्या पटीसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेने १९९८ मध्ये किबि (१०२४), मेबि (१०२४ गुणिले १०२४) हे वेगळे उपसर्ग दिले. काही संगणक प्रणाली आकडा मेबिबाइटांत काढून पाटी मेगाबाइटची लावतात, मग साडेबाराचे ११.९२ दिसतात आणि आणखी गोंधळ.

पण 'किलो म्हणजे हजार' यात खरी गंमत पुढेच आहे. फ्रेंचांनी १७९५ च्या मापनकायद्यात ग्रीक 'खिलिओइ'ला छाटून 'किलो' केला. ग्रीकांच्याच लेस्बॉस बेटावरच्या बोलीत याचं रूप 'खेल्लिओइ'. तो जोड 'ल्ल' म्हणजे गळून गेलेल्या 'स'ची खूण. मूळ 'घेस्ल' असं काहीसं. आता 'सहस्र' फोडा: स + हस्र. हा 'स' म्हणजे एक, 'सकृत्' म्हणजे एकदा, त्यातला. उरला 'हस्र', तोच ग्रीकांचा 'खिल'. आणि 'हजार'? संस्कृतचा 'स' इराणीत 'ह' होतो: सप्त–हफ्त, त्यातूनच आपला हप्ता. संस्कृतचा 'ह' तिकडे 'ज' होतो: हिरण्य–जर, त्यातूनच आपली जरी. हे दोन नियम 'सहस्र'ला लावा: स चा ह, ह चा ज, मधला स आधी ह होऊन मग विरला, र राहिला. झाला हजार! कोशकार 'हजार'पुढे 'फारसी' असा शिक्का मारून मोकळे होतात आणि शुद्धिवादी त्याला हुसकून 'सहस्र' बसवतात. एका भावाला घराबाहेर काढून दुसऱ्याला ओटीवर बसवण्याचा हा उद्योग आहे. लॅटिन 'मिले'ही याच कुळातला असं काही विद्वान मानतात. मला ती ओढाताण वाटते, तिथे मधली एकही पायरी हाती लागत नाही. 'मेगा' मात्र निःसंशय आपल्या 'महत्'चा भाऊ. त्यामुळे किलोबिटाला मराठी प्रतिशब्द घडवायला बसलेल्यांनी थोडा धीर धरावा. निम्मा शब्द घरचाच आहे.

बॉड राहिलाच. तो एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्रतज्ज्ञाच्या नावावरून आला. सेकंदाला तारेवरचा संकेत किती वेळा बदलू शकतो, ते बॉड. एका संकेतात एकच बिट असेल तर बॉड आणि बिट प्रति सेकंद यांचे आकडे जुळतात. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या जुन्या ३०० बॉडच्या मोडेममध्ये जुळायचे, तिथूनच हा गैरसमज रुजला. पण व्ही.२२बिस या मानकाचा मोडेम ६०० बॉडवर सेकंदाला २४०० बिट पाठवायचा, कारण एका संकेतात ४ बिट. एकामागून एक बिट पाठवणाऱ्या सीरियल पोर्टवर ९६०० बॉड असेल तर त्याला ८ ने भागू नका. तिथे प्रत्येक अक्षरामागे आरंभाचा आणि शेवटाचा एकेक बिट जातो, म्हणून भागायचं १० ने: सेकंदाला ९६० अक्षरं. आणि 'बॉड रेट'मधला 'रेट' फुकटचा आहे. बॉड हा स्वतःच दर आहे.