शेवटच्या दोन दिवसांत छाती उघडू नकोस

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. हृदयशस्त्रक्रियेच्या एम.सीएच. पदवीची परीक्षा आटोपताच पूर्व आफ्रिकेतल्या हृदयशस्त्रक्रियेच्या शिबिराला जायचे तू ठरवलेस आणि सोबत काय न्यावे याची यादी मागितलीस. टाके, झडपा, कॅन्युला नावाच्या नळ्या यांचा हिशेब हार्ट-लंग मशीन चालवणारे आपले परफ्युजनिस्ट तुझ्या-माझ्यापेक्षा नीट करतात, तो त्यांच्यावरच सोपव. माझ्या पहिल्या दौऱ्यात माझ्या हातून जे घडले ते मी आजवर वर्गात कधी बोललेलो नाही, पण तू जाण्यापूर्वी ते तुला कळायला हवे.

त्या वेळी ९ दिवसांत आम्ही १४ शस्त्रक्रिया केल्या. परतीच्या आदल्या संध्याकाळी १२ वर्षांच्या एका मुलीची हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप दुरुस्त केली. ती आणखी महिना-दोन महिने थांबू शकली असती, पण यादीत नाव होते आणि ते खोडायला माझे मन होईना. रात्रभर तिच्या छातीतले रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून, म्हणजे ड्रेनमधून, अपेक्षेपेक्षा जास्त रक्त येत राहिले आणि पहाटे आम्ही निघताना ते एकाएकी थांबले. 'छान, बंद झाले,' असे म्हणून मी गाडीत बसलो. भरात वाहणारा ड्रेन अचानक कोरडा पडला तर आधी नळीत गुठळी अडकल्याचा संशय घ्यायचा असतो, कारण मग आत साचणारे रक्त हृदयालाच दाबू लागते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत होतो आणि तरीही त्या पहाटे मी पाहिले नाही. तिथल्या नर्सने पाहिले होते. व्हेनस प्रेशर, म्हणजे शिरांतला दाब, चढते आहे आणि रक्तदाब उतरतो आहे, हे तिने दर १५ मिनिटांनी तक्त्यावर नोंदवले होते. मात्र छाती पुन्हा उघडू शकेल असा कोणी तिथे उरला नव्हता, आणि तसा कोणी तयार करायला आम्हाला १४ शस्त्रक्रियांच्या धांदलीत सवडच झाली नव्हती. मुंबईत उतरल्यावर निरोप आला.

तेव्हापासून परतीच्या आधीच्या दोन दिवसांत मी पंपावरची, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचे काम यंत्रावर सोपवून करायची, शस्त्रक्रिया करत नाही. यजमान आग्रह करतात, नातेवाईक हात जोडतात, देणगीदारांना आकडा हवा असतो; तरी करत नाही. ते दोन दिवस आयसीयूत, नर्सच्या शेजारी स्टूल टाकून बसण्याचे. तिला काय दिसते आहे हे विचारायचे, कारण पाहुण्या सर्जनला आपणहून अडवण्याची हिंमत होणे सोपे नसते. त्या पहाटे तिला कोणी विचारले असते, तर गाडी फाटकातूनच परत फिरली असती.

शिकवणे म्हणजे प्रत्यक्षात टेबलाची बाजू बदलणे. मुख्य सर्जन म्हणून आपण एरवी रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे असतो. तिथे तू डावीकडे उभी राहा आणि उजवी बाजू तिथल्या सर्जनला दे. हे ऐकायला सोपे वाटते, पण महाधमनीवर क्लॅम्प म्हणजे चिमटा लागून हृदयाचा रक्तपुरवठा थांबलेला असतो, घड्याळ चालू असते, समोरच्याचा टाका मनासारखा पडत नसतो आणि आपले बोट शिवशिवत असते. म्हणून कोणत्या टप्प्यावर तू सुई हातात घेशील, हे क्लॅम्प लावण्याआधीच दोघांनी बोलून ठरवा. मधेच हिसकावून घेतलेली सुई माणूस वर्षानुवर्षे विसरत नाही. (माझ्याकडूनही एकदा घेतली गेली होती; कोणी घेतली ते सांगत नाही.)

आपण स्वतः याच वाटेने शिकलो आहोत. रीव्ह बेट्स हे अमेरिकन सर्जन चाळीसच्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला आले, तिथे राहिले आणि त्यांनी छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा करून भारतीय सर्जन घडवले. दक्षिण आफ्रिकेचे सर्जन ख्रिस्तियान बर्नार्ड अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला शिकून १९५८ मध्ये केप टाउनला परतले, ते हार्ट-लंग मशीन घेऊनच. त्यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसाचे हृदय माणसाला बसवणारे जगातले पहिले प्रत्यारोपण केले आणि पुढच्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या आपल्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसा प्रयत्न केला. रुग्ण वाचला नाही, पण परळमध्ये ते धाडस करू शकणारा एक संपूर्ण चमू तयार होता, आणि मला महत्त्व त्याचे वाटते.

तिथे तुला बहुतेक ऱ्हुमॅटिक तापाने (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या आजाराने) खराब झालेल्या झडपा दिसतील, त्याही तरुण मुलींच्या. यांत्रिक झडप बसवली की जन्मभर रक्त गोठू न देणारे वॉरफरिन आणि वरचेवर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी आली, आणि गरोदरपणात ते औषध आई-बाळ दोघांच्याही जिवावर येऊ शकते. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली जैविक झडप तरुण वयात लवकर झिजते. म्हणून दुरुस्ती शक्य असेल तर जीव ओतून दुरुस्ती कर, आणि झडप निवडण्याआधी रक्त तपासायची सोय तिच्या गावापासून किती कोसांवर आहे ते विचार. सुदानमधल्या खार्टूममध्ये इटलीच्या 'इमर्जन्सी' संस्थेने २००७ मध्ये मोफत हृदयशस्त्रक्रियेचे केंद्र सुरू केले. तिथल्या कामाचे मोल मला ऑपरेशन थिएटरपेक्षा नंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या पाठपुराव्यात अधिक दिसते. ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या ज्या मुलांच्या झडपा अजून शाबूत आहेत, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन मिळते का, याची चौकशीही कर. ते काम सर्जनचे नाही असे तुला सांगणारे भेटतील.

बाकी परवाना, रक्तपेढी, जनरेटर याविषयी फोनवर बोलू. येत्या शनिवारी माझ्या ओटीत एक मायट्रल आहे. टाके धाकटा रेसिडेंट घेईल. तू डावीकडे उभी राहा आणि तो सुई परत देईपर्यंत हात खाली ठेवून दाखव.

तुझे सर