वडिलांची जिप्सी आणि ३१ इंची टायर

प्रश्न : माझ्या वडिलांची २००२ सालची जिप्सी किंग लॉकडाऊनपासून गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. एमपीएफआय इंजिन, सॉफ्ट टॉप. वडील मागच्या वर्षी गेले. गाडी विकायची नाही, दुरुस्त करून पावसाळ्यात ऑफ-रोडिंगला न्यायची आहे. ३१ इंची टायर, तीन इंच लिफ्ट (गाडी तेवढी उंच करणं), पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र) असा विचार आहे. दीड-दोन लाख खर्च करू शकतो. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, वाई

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या वाहनदुरुस्ती करणाऱ्या शाखेत, मी एकोणीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी जिप्सीच्या खाली पाठीवर झोपून. त्यामुळे वडिलांची गाडी का विकवत नाही, हे मला सांगावं लागत नाही. पण तुमची यादी मी उलटी करणार आहे, रागावू नका. बंपर, विंच, लिफ्ट सगळं शेवटी. ३१ इंची टायर तर नकोच.

सुरुवात चावीने करू नका. नवी बॅटरी आणून सेल मारायचा मोह होईल, तो आवरा. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. सहज फिरलं तर देवाचे आभार माना. मग टायमिंग बेल्ट बदला, दिसायला कितीही चांगला असू द्या. रबराला वय असतं, किलोमीटर नव्हे. टाकी खाली उतरवून धुऊन घ्या, कारण पंप टाकीतच आहे आणि इतक्या वर्षांच्या पेट्रोलचा चिकट राळ झालेला असतो. गोठा शेजारी म्हणजे उंदीर आलेच, तेव्हा वायरिंग हाताने चाचपून बघा. ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि सगळे रबरी होज नवीन टाका, यावर चर्चा नको.

आता चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. एक छोटी हातोडी घ्या आणि गाडीखाली जा. चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. टणटण वाजलं तर लोखंड जिवंत आहे, भद्द आवाज आला तर आतून गंज खातोय. सस्पेन्शनच्या पाट्यांचे शॅकल (पाट्याचं टोक धरणाऱ्या कड्या) जिथे लटकतात ते हँगर, बॉडीच्या मागच्या माउंटिंगच्या जागा आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा नीट बघा. गोठ्याजवळची दमट हवा आणि शेणामुताची वाफ लोखंडाला चांगली नसते. इथे वेल्डिंग लागणार असेल तर दीड लाखातला मोठा हिस्सा इथेच घाला. बाहेरून कुणाला दिसणार नाही, पण खड्ड्यात तिरकी लटकलेली गाडी तोलते ती याच पट्ट्यांवर.

मग पुढचा ॲक्सल, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा. जिप्सीचं खरं मर्म इथे आहे आणि लोक नेमकं इथेच दुर्लक्ष करतात. पुढच्या चाकांमागे जो लोखंडी गोळा दिसतो त्याला नकल म्हणतात. त्याच्या वर-खाली किंगपिनची (ज्या खिळीवर चाक वळतं तिची) बेअरिंगं आणि पोटात ग्रीसमध्ये बुडालेला जॉइंट असतो. जॅक लावून चाक उचला. चाकाला वरून आणि खालून धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर व्हील बेअरिंगचा दोष, राहिला तर किंगपिनचा. साठच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं म्हणून व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालणारी कितीतरी माणसं मी बघितली, आणि दोष या बेअरिंगांत निघाला. बेअरिंगं बदलून शिम (पातळ चकत्या) टाकून ताण बसवावा लागतो आणि तो ताण तानकाट्याने (स्प्रिंगच्या वजनकाट्याने) मोजतात, अंदाजाने नाही. तुमचा मेकॅनिक तानकाटा काढत नसेल तर दुसरा शोधा.

नकल उघडल्यावर आतलं ग्रीस बोटांवर घेऊन बघा. पातळ, काळं, डिफरन्शियलच्या (ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याच्या) तेलासारखं वास मारणारं असेल तर आतलं ऑइल सील गेलं. तपकिरी आणि पाणचट असेल तर बाहेरचं सील फाटून पाणी शिरलं. दोन्ही सील स्वस्तातली आहेत, पण ती बदलायला अर्धा ॲक्सल उघडावा लागतो. म्हणून सगळं एकदाच करून घ्या.

जिप्सीचा ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नसून वेगळा, तीन रबरी माउंटिंगवर बसवलेला असतो. रबर मऊ पडलं की जोर लावताना अख्खा ट्रान्सफर केस पिळतो आणि लिव्हर आपोआप फोर व्हीलमधून सुटतो. नेमकं चढावर. ही तिन्ही रबरं बदला.

इतकं केलंत की गाडी कंपनीतून आली तशी झाली. आता सहा महिने तशीच चालवा. तुमच्या वडिलांनीही ती तशीच चालवली असणार.

टायरबद्दल आता. मूळ २०५/७० आर १५ टायरची उंची सुमारे ६६८ मिलिमीटर, ३१ इंचीची ७८७. म्हणजे टायर १८ टक्के मोठा आणि सगळे गिअर तेवढेच उंच. १३०० सीसीचं इंजिन, ८० अश्वशक्तीचं, पण त्याचा टॉर्क (चाक फिरवायचा जोर) १०३ न्यूटन मीटर आणि तोही मिनिटाला ४५०० फेऱ्यांना मिळणारा. हळू चालताना याच्या अंगात जोर नसतो. जिप्सीच्या ट्रान्सफर केसचं लो (हळू पण जोराचं गिअर) हायपेक्षा (नेहमीच्या गिअरपेक्षा) जेमतेम १.६ पट जड आहे, जुन्या महिंद्रात ते जवळपास अडीच पट असतं. आधीच तोकड्या असलेल्या लो मधून तुम्ही आणखी सुमारे १५ टक्के काढून घेणार, मग दगडांच्या चढावर क्लच जाळत बसणार. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ७० वर असेल. ब्रेक तेच, बेअरिंगं तीच, आणि चाकाचं वजन वाढलेलं. बदल्यात ॲक्सल उचलला जाणार ६ सेंटीमीटर. सौदा वाईट आहे. २१५/७५ आर १५ मापाचे चांगले ऑल टेरेन टायर घ्या, लिफ्ट न करता बसतात. चिखलात हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. पकडीत पडणारा फरक पाहून तुम्हीच चकित व्हाल. परत डांबरीवर येण्याआधी हवा भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. विंचच्या आधी तो घ्या.

लिफ्टबद्दल एक सांगतो. गॅरेज टाकल्यावर पहिल्या वर्षी मी एका जिप्सीला लांब शॅकल लावले. गाडी उंच झाली, मालक खूष. ॲक्सल पूर्ण खाली लटकल्यावर मागचा ब्रेक होज किती ताणला जातो हे मी तपासलं नव्हतं. पसरणी घाटात उतरताना होज फाटला आणि पेडल खाली गेलं. गाडी मीच चालवत होतो, शेजारी मालक. पुढच्या चाकांच्या ब्रेकवर आणि पहिल्या गिअरवर ती वाईपर्यंत आणली. शॅकल लांब केले की कॅस्टरचा कोनही (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा कल) बिघडतो आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. तेव्हापासून मी लांब शॅकल कुणाला लावून दिलेले नाहीत. पाटे बसलेले असतील तर नवीन पाटे, नवीन बुश आणि चांगले शॉकॲब्सॉर्बर एवढंच टाका. गाडी तेवढ्यानेच उठून उभी राहते.

लोखंडी बंपरचा विचार सोडा. बुल गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बंपरच्या जागी चेसिसला हाय टेन्साइल बोल्टने बसवलेले दोन ओढायचे हूक मागे आणि पुढे लावून घ्या. चिखलात तेच उपयोगी पडतात.

आणि कागद. २००२ च्या गाडीची पंधरा वर्षं २०१७ ला संपली. तेव्हा नूतनीकरण केलं असलं तरी ते पाच वर्षांचंच. म्हणजे २०२२ मध्ये मुदत गेली आहे. वारस म्हणून गाडी नावावर करायला फॉर्म ३१ भरावा लागतो. गाडी खोलायच्या आधी आरटीओत जाऊन या.

प्रश्न : आमचा सात गाड्यांचा ग्रुप आहे. श्रावणात राजापूरजवळच्या सड्यावर ड्राइव्ह ठरवतोय. मोकळा, सपाट कातळ आहे. गाड्यांची काय तयारी करावी?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गाड्या सड्यावर नेऊ नका. तो कातळ मोकळा नाही. श्रावणात त्यावर बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी रानफुलं उगवलेली असतात. एक चाक गेलं की ती माती सुटते आणि पुढच्या सरीत वाहून जाते. शिवाय राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत, कशेळीचा प्रचंड हत्ती त्यातलाच. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, आणि अजून कितीतरी शिल्पं गवताखाली झाकलेली असू शकतात. चाकाखाली काय चिरडतंय हे गाडीतून दिसत नाही. मी हात जोडून सांगतो, चिरेखाणीचे जुने रस्ते शोधा, जमीनमालकाची परवानगी काढा, तिथे जा. पाणी आणि चिखल तिथेही भरपूर मिळेल.

पाण्यात उतरणार असाल तर एक काम आधी करा. डिफरन्शियलच्या ब्रीदरला (हवा ये-जा करायच्या भोकाला) रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधा. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. घरी आल्यावर तेल काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदला.

प्रश्न : सर, माझी २०१२ ची थार आहे. फोर हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचं गिअर) डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते आणि नंतर लिव्हर टू व्हीलमध्ये येतच नाही. गिअरबॉक्स खराब झाला का?
– एक वाचक, कराड

उत्तर : गिअरबॉक्स ठीक असण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या थारला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात चाक घसरून तो फरक मिटतो, डांबरावर घसरायला जागा नसते आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. कोरड्या डांबरावर फोर हाय वापरू नका. लिव्हर अडकला तर जोर लावू नका. स्टीअरिंग सरळ ठेवून दहा-पंधरा मीटर रिव्हर्स या, पीळ सुटेल आणि लिव्हर हातात येईल.