रात्री कोरडे पडणारे डोळे: थेंब, जेल की मलम?

कोरड्या डोळ्यांविषयी येणाऱ्या प्रश्नांत रात्रीची आणि पहाटेची तक्रार करणारे बरेच असतात. दिवसभर थेंब घालून बरं वाटतं, पण पहाटे पापणी उघडताना टोचतं, असं ते लिहितात. त्यांतले काही प्रश्न आज घेतले आहेत. अशा प्रत्येक रुग्णाला मी सर्वांत आधी विचारते, की त्रास नेमका किती वाजता होतो? कारण उपाय बहुतेक वेळा त्या वेळेवरूनच ठरतो.

वय ५४. झोपताना दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब घालते. तरी रात्री तीनच्या सुमाराला डोळे इतके सुकतात, की पापणी आतून चिकटल्यासारखी वाटते. थेंब वाढवू का?
(गृहिणी, नाशिक)

वाढवू नका. उलट दोनाचा एक करा. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात एरवी ७ ते १० मायक्रोलिटर अश्रू असतात आणि फार तर ३० मावतात. म्हणजे पहिलाच थेंब थोडा बाहेर सांडतो, दुसरा जवळजवळ सगळा गालावर जातो. उरलेलं पाणी नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून घशात उतरतं. अकरा वाजता घातलेला पातळ थेंब तीन वाजेपर्यंत टिकेल ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याचा परिणाम मिनिटांत मोजायचा, तासांत नाही.

रात्री डोळ्यात काय होतं, हेही पाहा. झोपेत अश्रू तयार होणं खूप कमी होतं. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. जागेपणी प्रत्येक उघडझापीला त्यांतून थोडं तेल अश्रूंवर पसरतं आणि त्यामुळे अश्रू लवकर उडून जात नाहीत. झोपेत उघडझाप नाही, म्हणून तेही थांबतं. निरोगी माणसाचं यावाचून अडत नाही, कारण मिटलेली पापणी ओल धरून ठेवते. तुमच्या वयात, विशेषतः पाळी थांबल्यावर, अश्रू आणि तेल दोन्ही मुळातच कमी झालेले असतात, म्हणून रात्रीची तूट जाणवते.

अशा वेळी दिवसाचा पातळ थेंब बाजूला ठेवून रात्रीसाठी घट्ट औषध घ्यायचं. दिवसा कार्बोक्सीमेथिलसेल्युलोज ०.५ टक्के वापरत असाल तर रात्री त्याचाच १ टक्क्याचा थेंब किंवा कार्बोमरचं जेल घालून पाहा. आठवडाभरात फरक पडला नाही तर पॅराफिनचं वंगण-मलम. खालची पापणी बोटाने हलकेच ओढायची, आतल्या खाचेत तांदळाच्या दाण्याएवढं मलम सोडायचं, डोळे मिटायचे. ट्यूबचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मलम घातल्यावर सगळं धूसर दिसतं, म्हणून दिवे मालवून अंथरुणावर बसल्यावरच घाला. रात्री उठून बाथरूमला जावं लागत असेल तर वाटेत एक बारीक दिवा चालू ठेवा. मलमाच्या धूसरपणात पडून हाड मोडणं हा कोरड्या डोळ्यापेक्षा फार मोठा त्रास आहे.

आणखी एक काळजी घ्या. दुकानात नुसतं ‘डोळ्याचं मलम’ म्हणून मागू नका. अँटिबायोटिकचं किंवा स्टिरॉइड मिसळलेलं मलम हातात पडू शकतं. स्टिरॉइडने दोन दिवस छान वाटतं, पण ते महिनोन् महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होतो. ट्यूबवरचं औषधाचं नाव वाचा, किंवा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

नवरा म्हणतो, मी झोपते तेव्हा डोळे थोडे उघडे असतात. सकाळी उजवा डोळा लाल असतो, खुपतो. दुपारपर्यंत बरा होतो. दोन्हींचा संबंध असेल का?
(शिक्षिका, नागपूर)

बहुधा आहे. सकाळी उठल्याबरोबर जास्त आणि दिवस चढेल तसा कमी होणारा त्रास दिसला, की मी दोन गोष्टी पाहते: पापणी रात्री पूर्ण मिटते का, आणि पापण्यांच्या कडा सुजल्या आहेत का. ज्यांना अश्रूच कमी येतात त्यांचं सहसा उलट असतं, त्यांचे डोळे संध्याकाळपर्यंत थकत जातात.

यजमानांना सांगा, की तुम्ही गाढ झोपल्यावर मोबाइलचा मंद उजेड बाजूने धरून नीट पाहावं. पापण्यांमध्ये पांढरी फट दिसली तर तिथूनच डोळ्याचा खालचा भाग सुकतो. त्यात डोक्यावर पंखा असेल तर वारा थेट त्या फटीवर येतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलरचंही तेच. त्याची हवा दमट असली तरी झोत तोंडावर नको. पलंग फिरवा, झोत पायांकडे घ्या. त्रास एकाच डोळ्याला असतो तेव्हा कोणत्या कुशीवर झोपता हेही महत्त्वाचं ठरतं. वरच्या बाजूच्या डोळ्याला वारा लागतो, खालच्याची पापणी उशीला घासून वळू शकते.

फट असेल तर थेंब पुरत नाहीत, मलमच लागतं. त्याच्या जोडीला डोळ्यांवर पोकळ कप असलेला झोपेचा मास्क बांधता येतो. काही रुग्णांना आम्ही कागदी वैद्यकीय चिकटपट्टी आडवी लावून पापणी मिटलेली ठेवायला शिकवतो. पण ही पट्टी डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय लावू नये. खाली डोळा उघडाच राहिला तर ती बुबुळावर घासते. डोळे नुकतेच उघडे राहू लागले असतील, डोळे बाहेर आल्यासारखे दिसत असतील किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली वाटत असेल, तर थायरॉइडची आणि चेहऱ्याच्या नसेची तपासणी व्हायलाच हवी.

मला झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. मास्कमधून हवा देणारं सीपॅप मशीन लावून झोपतो. तेव्हापासून डोळे कोरडे झाले.
(निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

मास्क नाकाच्या वरच्या हाडापाशी नीट बसत नसेल तर हवा वर सुटते आणि रात्रभर डोळ्यांवर येते. मशीन लावून झोपा आणि त्या जागी बोट धरा. वारा लागला तर मास्कचं माप बदलून घ्या, नुसते पट्टे घट्ट करून भागत नाही. मशीन मात्र बंद करू नका. या आजारात काहींच्या वरच्या पापण्या सैल होतात आणि झोपेत उशीवर उलटतात, म्हणून नेत्रतज्ज्ञांना हा आजार आवर्जून सांगा. तोवर रात्री जेल किंवा मलम.

काचबिंदूसाठी रोज रात्री एक थेंब घालतो. शिवाय कोरडेपणाचे थेंब आणि मलम. आधी कोणतं?
(वाचक, बेळगाव)

आधी काचबिंदूचा थेंब. घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं. मग निदान पाच मिनिटं, जमल्यास दहा मिनिटं थांबून वंगणाचा थेंब. मलम सगळ्यांत शेवटी, कारण मलमाच्या थरावर पडलेला थेंब आत पोहोचत नाही.

काचबिंदूच्या अनेक थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं. वर्षानुवर्षं घातल्यावर त्यानेच कोरडेपणा वाढतो. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने मात्र एक रात्रही काचबिंदूचा थेंब चुकवू नका.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या छोट्या व्हायल महाग पडतात. उघडलेली व्हायल फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरली तर चालेल का? आणि थेंबांची सवय लागते का?
(वाचक, पुणे)

उघडलेली व्हायल दुसऱ्या दिवशी चालणार नाही. जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. ते नसेल तर उघडलेल्या व्हायलला संरक्षण नाही, आणि फ्रीजमुळे ते येत नाही. वेष्टणावर जेवढे तास लिहिले असतील तेवढेच. साधी बाटलीही उघडल्यापासून महिन्याभराने टाकून द्या. उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहायची सवय लावा.

हे किती गंभीर आहे ते २०२३ साली दिसलं. अमेरिकेत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, पण अनेक दिवस वापरायच्या बाटलीतल्या कृत्रिम अश्रूंमधून औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास जंतू पसरला. ते थेंब तामिळनाडूत तयार झाले होते. ८१ रुग्ण सापडले, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चार जण दगावले. म्हणून सीलबंद वेष्टण, मुदत आणि बाटलीचं स्वच्छ टोक या तिन्ही गोष्टी मी रुग्णांना पुन्हा पुन्हा सांगते.

खर्चाचं म्हणाल तर प्रत्येकाला व्हायल लागत नाहीत. दिवसातून चार वेळांपर्यंत थेंब घालणाऱ्याला साधी बाटली बहुधा चालते. त्याहून जास्त वेळा लागत असतील, किंवा थेंब घातल्यावरच जळजळत असेल, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. पॅराफिनच्या मलमात पाणी नसतं, त्यामुळे त्यात सहसा प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. रात्रीसाठी तो तुलनेने स्वस्त मार्ग आहे.

वंगणाच्या थेंबांची सवय लागत नाही. लाली घालवणाऱ्या थेंबांची लागते. नॅफॅझोलिनसारखी औषधं रक्तवाहिन्या आकसून डोळा पांढरा करतात आणि असर उतरला की तो आधीपेक्षा लाल होतो. कोरडेपणावर ते औषध नाही.

सहा महिन्यांपूर्वी नातवाचं नख डोळ्याला लागलं. जखम भरली. पण आता मधूनच पहाटे डोळा उघडताना सुरी फिरल्यासारखी कळ येते, पाणी वाहतं, तास-दोन तासांत थांबतं. डॉक्टरांकडे जाईपर्यंत काही दिसत नाही.
(वाचक, कोल्हापूर)

तुमची तक्रार खरी आहे आणि तिला नीट ओळख आहे. बुबुळाच्या पारदर्शक भागावरचा वरचा पातळ थर नखाने किंवा कागदाच्या कडेने सोलला गेला, तर तो वरून भरून येतो, पण खालच्या थराला घट्ट धरत नाही. झोपेत डोळा सुकला की पापणी त्या सैल भागाला चिकटते, आणि डोळा उघडताच तो पुन्हा सोलला जातो. घरात भिजलेला रंगाचा पोपडा बोट लागताच निघून येतो, तसंच काहीसं. दुपारपर्यंत जागा भरत आल्यामुळे तपासणीत काही सापडत नाही. कळ येईल त्याच सकाळी दवाखान्यात जा. फ्लोरेसिनचा रंग टाकून पाहिलं की जागा हिरवी चमकते.

तुमच्यासाठी रात्रीचं मलम हाच मुख्य उपाय आहे. त्यात चूक होते ती एकच: पंधरा दिवस बरं वाटलं की लोक मलम सोडतात. वरचा थर खाली पक्का चिकटायला काही महिने लागतात. निदान तीन महिने रोज रात्री मलम घाला, दुखत नसलं तरी. सकाळी जाग आल्याबरोबर डोळा उघडू नका. मिटलेल्या पापणीखाली बुबुळ सावकाश डावी-उजवीकडे फिरवा, कोपऱ्यात वंगणाचा थेंब सोडा, तो आत जाऊ द्या, मग हळू उघडा. एवढ्याने पुष्कळांच्या कळा थांबतात. नाही थांबल्या तर ५ टक्के मिठाचं मलम, काही काळ घालायची संरक्षक लेन्स किंवा लेझर असे पुढचे उपाय आहेत.

झोपताना गुलाबपाणी, मध किंवा तूप घातलं तर? आई काजळही घालायला सांगते.
(विद्यार्थिनी, रत्नागिरी)

घालू नका. स्वयंपाकघरातलं काहीही निर्जंतुक नसतं आणि बाटलीतल्या गुलाबपाण्यात वासासाठी काय मिसळलं आहे ते कळत नाही. काजळ पापणीच्या आतल्या कडेवर बसून त्या तेलग्रंथींची तोंडं बुजवतं. काही काजळांत शिसंही आढळलं आहे.

घरचा खरा उपयोगी उपाय म्हणजे शेक. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा. तो मिनिटा-दोन मिनिटांत गार होतो, म्हणून पाच ते दहा मिनिटं बदलत राहायचं. घट्ट झालेलं तेल साधारण ४० अंशांना पातळ होतं. मग बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी हलकी मालिश करायची, कड पुसून घ्यायची आणि शेवटी थेंब. सकाळी पापण्या चिकटतात आणि चिपडं येतात त्यांनी हे रोज रात्री करावं. आठवडाभरात कंटाळू नका, तीन-चार आठवडे द्या.

टोरोंटोत राहतो. हिवाळ्यात रात्रभर हीटिंग, त्याआधी एक वाजेपर्यंत स्क्रीन. ओमेगा-३ च्या गोळ्या सुरू करू का?
(सॉफ्टवेअर अभियंता)

गोळ्यांवर पैसे घालण्याआधी खोलीतला ओलावा वाढवा. ह्युमिडिफायर लावा, गरम हवेच्या जाळीपासून पलंग लांब घ्या. ओमेगा-३ चा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, निष्कर्ष २०१८ साली आले: वर्षभर रोज ३,००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. मासे आवडत असतील तर जरूर खा. स्क्रीनपुढे उघडझाप निम्म्याहून कमी होते, म्हणजे डोळे सुकवूनच तुम्ही झोपायला जाता. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या काढूनच झोपा. मलम लेन्सवर कधीच नको.

वय ४७. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडतं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. बोटांचे सांधेही सकाळी आखडतात. रात्रीत दोनदा उठून थेंब घालते.
(वाचक, सोलापूर)

तुम्ही थेंबांवर थांबू नका. डोळे, तोंड आणि सांधे असे तिन्ही एकत्र दुखणारी मध्यमवयीन स्त्री समोर आली, की शोग्रेनचा आजार मनात यायला हवा. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ च्या प्रबंधात तो मांडला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. रुग्णांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या अनेक पट आहे, आणि कित्येक जणी वर्षानुवर्षं ‘वय झालं’ म्हणून काढतात.

नेत्रतज्ज्ञ पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून अश्रू मोजतील. पट्टी ५ मिलिमीटरहूनही कमी भिजली तर कोरडेपणा तीव्र समजतात. मग या आजाराची खूण असलेली अँटी-रो प्रतिपिंडं रक्तात आहेत का याची तपासणी आणि संधिवाततज्ज्ञांचा सल्ला. दातही दाखवा, लाळ कमी झाली की ते झपाट्याने किडतात. सर्दीच्या, झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या घेत असाल तर त्यांची यादी सोबत न्या, काही गोळ्या कोरडेपणा वाढवतात. आजार ठरला तर सायक्लोस्पोरिनचे थेंब, अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बसवायची बारीक बुचं असे उपाय आहेत. अचानक धूसर दिसू लागलं, उजेड सोसेनासा झाला किंवा एकच डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकी अहवाल येईपर्यंत दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब आणि रात्री मलम चालू ठेवा. मध्यरात्रीचं दोनदा उठणं त्याने बहुधा एकदावर येईल.