चिकूच्या दातांचे २२,००० कुठून काढायचे?

मुलुंडहून एका ताईंनी विचारलंय: सात वर्षांच्या पॉमेरेनियनच्या, चिकूच्या तोंडाला घाण वास येतो, हिरड्यांतून रक्त येतं. पशुवैद्यांनी भूल देऊन दात साफ करायचे आणि दोन दाढा काढायच्या म्हणून २२,००० रुपये सांगितलेत. ग्रूमिंगवाला भूल न देता २,५०० मध्ये करतो म्हणतो. एजंट म्हणतो, आधी विमा घ्या. बचत खात्यात ६०,०००, दीड लाखाची एफडी, महिन्याला ८,००० ची एसआयपी. यजमानांचं मत, कार्डावर टाकू आणि हळूहळू फेडू.

ताई, बचत खात्यातून द्या, आणि याच महिन्यात करून घ्या.

यजमानांचा पर्याय सगळ्यात महाग आहे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर २२,००० वर पहिल्याच महिन्यात ७७० रुपये, वर त्यावर जीएसटी. तेच पैसे बचत खात्यातून गेले तर अडीच टक्क्यांनी वर्षभराचं व्याज बुडतं ५५०. एफडी मोडायचीही गरज नाही, एसआयपीला तर हातच लावू नका.

विम्याचं म्हणाल तर एजंटाने घाई केली आहे. आधीपासून असलेल्या आजाराला पॉलिसी सहसा पैसे देत नाही, आणि चिकूचा आजार डॉक्टरांच्या कागदावर आलेला आहे. दातांचे उपचार बऱ्याच पॉलिसींत वगळलेलेच असतात. तसंही विमा घ्यायचा तो अनिश्चित गोष्टीचा. छोट्या कुत्र्याच्या एवढ्याशा जबड्यात ४२ दात दाटीवाटीने बसलेले, मध्ये अन्न अडकणारच. हा खर्च येणार हे धरूनच चालावं. घरच्या मेडिक्लेममध्ये किंवा आयकराच्या ८०डी वजावटीतही चिकू बसत नाही, हे जाता जाता.

२,५०० वाला पर्याय मला सगळ्यात जास्त खटकतो. भूल न देता खरवडलं की दिसणारा पिवळा थर जातो, दात चकाकतात, आणि तुम्ही निर्धास्त होता. आजार असतो हिरडीच्या खाली, मुळाशी. जागं कुत्रं तिथे हात लावू देत नाही, एक्स-रेही काढू देत नाही. म्हणजे २,५०० गेले आणि २२,००० पुढच्या वर्षावर गेले, तेही तेव्हा २२,००० च राहतील याची खात्री नाही. छोट्या जातींत मुळाशी हाड झिजत गेलं तर जबडा मोडूही शकतो. मग हिशेब वेगळाच.

डॉक्टरांकडून एक गोष्ट मात्र लेखी घ्या: भुलीआधीची रक्ततपासणी आणि दातांचा एक्स-रे २२,००० मध्ये धरलाय का, आणि आणखी दाढ काढावी लागली तर प्रत्येकी किती. खरा आकडा बऱ्याचदा भुलीखाली एक्स-रे काढल्यावरच कळतो, म्हणून ३०,००० हाताशी ठेवा. दुसरं मत हवं असेल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अर्ध्या दिवसाची रजा आणि टॅक्सीभाडंही त्यात धरा.

आता ज्यात तुमचे खरे पैसे वाचतील ते, म्हणजे ब्रश. दातांवरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, आणि एकदा कडक झाला की ब्रशने निघत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा घासून भागत नाही, रोज हवं. हिरड्या बऱ्या झाल्या, डॉक्टर हो म्हणाले की सुरू करा: बोटात घालायचा ब्रश, कुत्र्यांची पेस्ट, ओठ वर करून दातांची बाहेरची बाजू, हिरडीच्या कडेला. तोंड उघडायची झटापट नको. आधी चार दिवस नुसती पेस्ट चाटू द्या. आपली पेस्ट अजिबात नको. कुत्रं थुंकत नाही, गिळतं, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल कुत्र्याला विषारी असतं. ट्यूबला काही शे रुपये पडतात, महिनोन्‌महिने पुरते. टणक हाडं मात्र बंद करा. त्यांनी दाढ तडकते, आणि तडकलेली दाढ म्हणजे पुन्हा भूल.

सोबत चिकूच्या नावाने म्हणून महिना १,००० ची आरडी उघडा. दोन वर्षांत २४,००० आणि वर व्याज. पुढची सफाई त्यातून होईल. नाही लागली तर म्हातारपणी रक्ततपासण्या आहेतच.