जखमेतली वात आणि ग्रीक लोक

प्रश्न : आमच्या आजोबांच्या पाठीचं गळू फोडलं तेव्हा ड्रेसरने आत गॉजची लांब पट्टी खुपसली, आजी म्हणाली वात घातली. जुन्या ग्रीकांकडे पण असं काही होतं का? (एक वाचक, राजवाडा, इंदूर)

उत्तर : होतं ना, आणि त्याला नावही होतं, मोतोस. म्हणजे लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) कापडाचे धागे उसवून केलेला बोळा किंवा वात, ती खोल जखमेत घालायची म्हणजे वरचं तोंड आधीच बंद होत नाही आणि पू आत न साचता बाहेर येतो, तुमच्या ड्रेसरने नेमकं हेच केलं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत यालाच विकेशिका म्हटलंय, आणि आजीची वात तर सरळ संस्कृत वर्तीवरून आलीय.

मला सगळ्यात मजेशीर वाटतात ती बोळ्यांची नावं. पेसोस म्हणजे मुळात पटावरच्या खेळातली सोंगटी, तेच नाव योनिमार्गात ठेवायच्या औषधी बोळ्याला पडलं, आजचा पेसरी शब्द तिथूनच आला. गुदद्वारातून द्यायच्या औषधाच्या कांडीला बालानोस म्हणायचे, म्हणजे ओकचं फळ! (आकार बघून दिलं असणार, दुसरं काय.)

ओथोनिऑन म्हणजे लिननची पट्टी, आणि गंमत म्हणजे त्याच घराण्यातला ओथोनी हा शब्द आजच्या ग्रीकमध्ये टीव्ही-मोबाईलच्या स्क्रीनला वापरतात. आपलं प्लास्टरसुद्धा ग्रीक एम्प्लास्ट्रोनचंच पिल्लू, म्हणजे वरून लिंपायचा लेप.