तोफा नंतर मोज, आधी वारा बघ

अरे, हिंदी महासागरात आलेल्या युरोपीयांचा इतिहास वाचायचा तर आरमारी लढाया आणि तोफांच्या आकड्यांनी सुरुवात करू नकोस. मी पहिली दोन वर्षं त्यातच घालवली. आधी वाऱ्यांचा नकाशा समोर ठेव.

वास्को द गामाचंच बघ. १४९८च्या एप्रिलअखेर त्याने आफ्रिकेतलं मालिंदी सोडलं आणि नैर्ऋत्य वारा पाठीशी घेऊन महिन्याच्या आत कालिकत गाठलं. वाटाड्याही मालिंदीतच मिळालेला. परतताना मात्र कारवारजवळच्या अंजदीवहून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच निघाला. ईशान्येचा वारा अजून धरला नव्हता. तोच समुद्र ओलांडायला जवळपास तीन महिने! स्कर्व्हीने हिरड्या सुजून माणसं पटापट गेली. शेवटी खलाशी पुरेनात म्हणून ‘साओ राफाएल’ हे जहाज त्यांनी स्वतःच जाळलं. नारळी पौर्णिमेआधी आपला कोळी होडी का लोटत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटायचं नाही.

मग डच घे. १६११मध्ये ब्रॉवर हा डच कप्तान केपवरून, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून, सरळ पूर्वेला, दक्षिणेकडच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर गेला आणि जावाची वाट कितीतरी महिन्यांनी कमी झाली. पोर्तुगीजांचे जहाजांसाठीचे परवाने, म्हणजे कार्ताझ वगैरे, त्यानंतर वाच.